समुद्राकडून जोगाईकडे

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. उत्तरेच्या सीमेवरून गोदावरी वाहते, दक्षिणेला मांजरा आणि मधे बालाघाटाचे डोंगर. बाकी भरवसा पावसावर. तरीही बीड शहराच्या पूर्व भागात एक बेट आहे, माणसानं घडवलेलं. कंकालेश्वराचं काळ्या दगडाचं मंदिर चारही बाजूंनी पाण्यानं वेढलेल्या कुंडात उभं आहे. ते कुणी बांधलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी ते चालुक्यांच्या उत्तरकाळात नेतं, तर कुणी देवगिरीच्या सिंघण यादवाच्या, म्हणजे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात. महाशिवरात्रीला इथं जत्रा भरते आणि आईबापांच्या खांद्यावर बसून पोरं पाण्यातलं देऊळ पाहतात.

याला कुणी सहल म्हणत नाही. तान्हं मूल घेऊन नुसतं हिंडायला जायचं, ही कल्पना या मुलखात अगदी अलीकडची. आधी बाळाला घराबाहेर काढायचं ते देवासाठी: कुणी नवस बोललेलं असायचं, कुणाच्या घरी जावळ काढायचं असायचं, कुणाच्या घरी दर्ग्यावर कंदुरी करायची ठरलेली असायची. मूल मामाच्या मांडीवर बसवायचं, न्हाव्यानं वस्तरा चालवायचा, मुलानं रडून देऊळ डोक्यावर घ्यायचं आणि मग सगळ्यांनी जेवायचं. चार दिवस शेतातून सुटका, माहेरची माणसं भेटणं, जत्रेतल्या बांगड्या या सगळ्या गोष्टी त्या नवसाच्या आडोशानं उरकून घेतल्या जात. देवाचं नाव पुढं केलं की सासूही नाही म्हणत नसे.

या जिल्ह्याची खरी गंमत मात्र उलट्या दिशेच्या प्रवासात आहे. बीडची माणसं समुद्राकडं जाण्याच्या कितीतरी आधीपासून समुद्राकाठची माणसं लेकरं घेऊन बीडकडं येत होती. अंबाजोगाईची योगेश्वरी, म्हणजेच जोगाई, ही कोकणातल्या असंख्य चित्पावन घराण्यांची कुलदेवता. घर गुहागरला किंवा हर्णैला, आणि देवी सह्याद्रीच्या पलीकडं, पठार ओलांडून, थेट बालाघाटात.

हे असं का, याचं उत्तर इतिहासापेक्षा आख्यायिका जास्त झोकात देते. जोगाई मूळची कोकणातली, तिचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं. वऱ्हाड निघालं, अंबाजोगाईपर्यंत आलं आणि तिथंच मुहूर्त टळला. परळी अवघी पंचवीसेक किलोमीटरवर राहिली. देवी पुढं गेली नाही आणि कोकणात परतलीही नाही. वऱ्हाडी जागीच दगड झाले, म्हणे. गावाजवळच्या हत्तीखाना लेण्यांतल्या दगडी हत्तींकडं बोट दाखवून ही गोष्ट आजही सांगतात. ती लेणी खरी मध्ययुगातली, डोंगराच्या पोटात कोरलेली. पण लग्न मोडलेल्या वऱ्हाडाचे हत्ती म्हटल्यावर शिलालेखाची कुणाला पडली आहे? आणि जी स्वतः कुमारिका राहिली, तिच्याच पायावर कोकणातल्या घराघरातून तान्ही मुलं आणून घातली गेली.

ती आणायची म्हणजे काय दिव्य असे! रेल्वे येण्याआधी घाट चढून बैलगाडी, तट्टू किंवा पायी, मजल दरमजल. आगबोटी सुरू झाल्यावर कोकण किनाऱ्यावरून मुंबई गाठता येऊ लागली, पण बहुतेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात थांबायची आणि माणसं पडावातून तिथवर जायची. हलत्या पडावातून हलत्या बोटीत मूल वर देताना आईचा जीव किती वर-खाली होत असेल, याचा अंदाज मुरलेल्या कोकण्यालाच यावा.

सोबतचं सामानही हलकं नसे. दुपटी, कुंची, काजळाची डबी आणि गुटीची पिशवी. त्या पिशवीत हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, आणि हे सगळं उगाळायला दगडी सहाण. कशाचे किती वेढे द्यायचे हे आजीच्या बोटांना पाठ असायचं. जायफळाचा एखादा वेढा जास्त झाला की पुढचे दोन टप्पे बाळ निवांत झोपायचं, आणि त्याबद्दल फारशी कुणाची तक्रार नसायची.

पुढं आगगाडीनं हे अंतर कापलं. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १८९७मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत धावली आणि १९११मध्ये लातूरला पोचली. लातूरहून अंबाजोगाई पन्नासेक किलोमीटर, तेवढं गाडीवाटेनं. तेव्हा लातूर-अंबाजोगाईचा हा मुलूख निजामाचा आणि अंबाजोगाईचं सरकारी नाव मोमिनाबाद. म्हणजे कोकणातलं कुटुंब इंग्रजांच्या राज्यातून निघून देवीच्या दर्शनासाठी दुसऱ्याच राज्यात शिरायचं. क्षेत्राच्या गावी उपाध्यांकडं उतरायचं, देवीची ओटी भरायची आणि कुटलेल्या विड्याचा तांबूल प्रसाद म्हणून घ्यायचा. मार्गशीर्षात देवीचा उत्सव असतो, तो पौर्णिमेपर्यंत चालतो. तेव्हा थंडीही असते, त्यामुळं कुंच्यांचा खरा उपयोग व्हायचा.

निजामाच्या रेल्वे खात्यानं १९३२मध्ये मोटारवाहतूक सुरू केली. १९५६मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६१मध्ये इथली सरकारी बससेवा एसटीत विलीन झाली. तेव्हापासून लाल गाडीच बाळांची पालखी झाली. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, म्हणून सहा वर्षांचा बाब्याही कंडक्टर आला की मांडीवर आक्रसून बसतो.

एका प्रवासाबद्दल गप्प राहणं मात्र अप्रामाणिकपणाचं होईल. बीड जिल्ह्यात तान्ही मुलं सर्वांत मोठ्या संख्येनं लांब जातात ती ना देवाला, ना समुद्राला. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेले ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मूल त्या हिशेबात कुठंच नसतं. ते फडाच्या बांधावर झोळीत असतं, रात्री कोपीत. मोठ्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. तान्ह्यांसाठी काय निघालं, हे विचारायला हवं. कुटुंबाच्या प्रवासाचा इतिहास लिहायचा आणि चार-सहा महिन्यांचा हा मुक्काम वगळायचा, हे बीडबाबत तरी चालणार नाही.

आता बीडची नोकरदार घरंही सुट्टीत अलिबाग, मालवण करतात. सिंधुदुर्गाच्या होडीत कुशीत बाळ घेतलेली मराठवाड्याची आई दिसली तर कुणाला नवल वाटत नाही. कोकणातली, पुण्या-मुंबईची आणि परदेशी गेलेली घराणी अजूनही जोगाईकडं येतात, आता मोटारींनी. जिल्ह्याच्या गावाला रेल्वे मात्र फार उशिरा मिळाली. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५च्या सुमारास मंजूर झाला आणि बीडहून पहिली गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. परळीपर्यंतचा टप्पा त्या दिवशीही बाकीच होता. तेव्हा मुंबईहून बाळाला घेऊन रेल्वेनं देवीला निघालेल्यांनी बीडचं तिकीट काढू नये. परळीला किंवा लातूरला उतरून पुढं रस्त्यानंच जावं.