जिवाणी आणि कालवा

बेळगावहून चोर्ला घाटानं गोव्याला जाणाऱ्यांना कणकुंबी हे गाव चहाला थांबायचं ठिकाण म्हणून माहीत असतं. खरं तर या एका गावातून पाणी दोन समुद्रांना जातं. माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेला खानापूर, सौंदत्ती, पट्टदकल, ऐहोळे करत कूडलसंगमाला कृष्णेत मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जाते. तिथून जवळच निघणारा कळसा नाला मात्र पश्चिमेला म्हादईत उतरतो. गोव्यात गेल्यावर म्हादईची मांडवी होते आणि पणजीपाशी ती अरबी समुद्राला मिळते. दोन्ही पाण्यांच्या मध्ये काय, तर थोडी चढाची जमीन.

हे मी पुस्तकांत वाचलं होतं. डोळ्यांनी बघितलं ते भाचीच्या बुलेटवर मागं बसून, कार्तिक सरता सरता. आम्ही निपाणीच्या बायका. मोटारसायकलवर बसायचं म्हणजे घरधन्यामागं एका बाजूला पाय सोडून, पदर आवळून. भाचीनं सांगितलं, "मावशी, दोन्हीकडं पाय टाक, नाहीतर नेणार नाही." टाकले. पन्नाशी उलटल्यावर असं बसायला कुणाची परवानगी लागत नाही.

सकाळी बेळगाव सोडलं आणि आधी राकसकोपला गेलो. मार्कंडेय नदीवरचा हा तलाव बेळगाव शहराला पाणी पाजतो. धुकं पाण्यावरून हळूहळू उठत होतं, पलीकडं भात कापणीला आलेलं. तिथून मागं फिरून जांबोटीचा रस्ता धरला. कुसमळीच्या पुलाखाली मलप्रभा पहिल्यांदा दिसली, दगडांतून वाट काढणारी, अगदी पोरसवदा. पुढं धरणात हीच नदी सदतीस टीएमसीच्या आसपास पाणी भरते यावर तिथं विश्वास बसत नाही. जांबोटीच्या पुढं दोन्ही बाजूंनी रान दाट होत जातं.

कणकुंबीत मला बघायचा होता तो कालवा. कळशाचं पाणी वळवून मलप्रभेत सोडायचं, म्हणजे पश्चिमेला जाणारं पूर्वेला पाठवायचं, हा त्याचा उद्देश. काम 2006 च्या सुमारास सुरू झालं. गोव्यानं हरकत घेतली. 2010 साली म्हादई पाणीतंटा लवाद नेमला गेला आणि 2014 साली त्यानं कालव्याचं तोंड बंद करायला लावलं. 14 ऑगस्ट 2018 च्या निवाड्यात कर्नाटकाला एकूण 13.42 टीएमसी पाणी मिळालं. त्यातलं मलप्रभेत वळवायचं ते 3.9 : कळशातून 1.72, भांडुऱ्यातून 2.18. एक टीएमसी म्हणजे साधारण 2,832 कोटी लिटर. 2020 साली निवाडा राजपत्रात आला, तरी तंटा मिटलेला नाही. तिन्ही राज्यं सर्वोच्च न्यायालयात आहेत.

प्रत्यक्षात दिसते ती डोंगर चिरून केलेली खोल घळ, काठाला तांबड्या मातीचे ढिगारे आणि त्यांवर उगवलेलं रान. देवळाकडून येणाऱ्या एका बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "हे खणल्यापासून आमच्या हिरी लवकर आटतात, अक्का. पावसात बुडतो आणि उन्हाळ्यात घागरी घेऊन हिंडतो." या भागात काही वर्षी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथल्या बाईच्या तोंडून हे ऐकायचं!

मला त्या घळीच्या काठावर आमची आज्जी आठवली. आज्जी पाणी गाळायची ते जाड्या कापडाच्या दुहेरी घडीतून. गाळून झालं की कापड उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं धुवायची. त्या धुण्यात सूक्ष्म जीव आलेले असतात, ती जिवाणी. ती कुठंही ओतायची नाही. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत परत, आणि तीही वरून फेकायची नाही. बुडाला कडी असलेली लहान बादली त्यासाठी वेगळी ठेवलेली असे. दोरीनं ती पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडायची आणि मग अलगद उपडी करायची. एका पाण्याचे जीव दुसऱ्या पाण्यात जगत नाहीत, असं ती म्हणे. पुढं घरात नळ आला. आज्जीनं आईला विचारलं, "आता जिवाणी कुठं सोडायची?" आईकडं उत्तर नव्हतं. नळाचं पाणी कुठल्या नदीचं, हे घरात कुणालाच सांगता येईना. गाळणं चालू राहिलं, बादली माळ्यावर गेली.

हुबळी-धारवाडला पिण्याचं पाणी मलप्रभेच्या धरणातून जातं. उद्या कळशाचं पाणी तिकडं गेलं, तर तिथल्या एखाद्या श्राविकेनं जिवाणी सोडायची कुठं? धरणात, कणकुंबीत की मांडवीत? भाचीला मी हे विचारलं तेव्हा ती हसली. थोड्या वेळानं म्हणाली, "मावशी, पण तिकडच्या बाईला घोटभर पाणी तरी मिळू दे की."

तिचंही खोटं नाही. नरगुंद-नवलगुंदाकडं पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर. तिथल्या शेतकऱ्यांनी धरणाची वाट बघितली. पाणी पुरेसं येण्याआधी कराची मागणी आली. त्यातून पेटलेल्या आंदोलनावर 21 जुलै 1980 ला गोळीबार झाला आणि माणसं गेली. 2015 च्या जुलैपासून नरगुंदात याच कळसा-भांडुऱ्यासाठी पुन्हा धरणं धरलं गेलं. धरण वर्षानुवर्षं भरत नाही हे खरं, पण त्याच खोऱ्यात ऊस किती लावला जातो तेही बघायला हवं. गोव्याच्या बाजूनं बघितलं, तर मांडवीतलं गोडं पाणी कमी झालं की समुद्राचं खारं पाणी आत चढतं. लवादापुढं ज्यांचं नाव कधी आलं नाही ते म्हणजे मधल्या जंगलातली गावं. आपण उसावर घरं उभी केलेली माणसं. नळ सोडून हात धुताना या गावांकडं बोट दाखवू नये, असं मला वाटतं.

परतीला खानापूरवरून हलशीला वळलो. कदंबांची ही पलाशिका. गावाबाहेर चक्रतीर्थ नावाच्या लहान विहिरीजवळच्या मातीच्या ढिगात एकोणिसाव्या शतकात ताम्रपट सापडले. फ्लीटनं ते 1877 च्या सुमारास वाचून छापले. जवळजवळ सगळी दानं जैनांना दिलेली. रविवर्म्याच्या पटात गावाच्या उत्पन्नातून दोन गोष्टी करायला सांगितल्या आहेत: दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेला जिनेंद्रांचा आठ दिवसांचा महोत्सव, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत तपस्व्यांचा निर्वाह. या मुलखात पाऊस काय चीज आहे ते सकाळपासून बघून आल्यावर ही दुसरी ओळ वेगळी वाचता येते. पायी फिरणाऱ्या साधूला आषाढात इथं पाऊल टाकायला जागा नसणार. ओढे भरलेले, वाटेवर पाण्याइतकेच जीव. राजानं त्या चार महिन्यांचा खर्च तांब्यावर कोरून दिला.

मलप्रभेच्या खालच्या अंगाला, सौंदत्तीला, 980 सालचा रट्टांचा शिलालेख आहे. शांतिवर्म्यानं बांधलेल्या बसदीला त्यानं दीडशे मत्तर जमीन दिली. तितकीच त्याच्या आईनं, निजिकब्बेनं, स्वतःच्या नावानं दिली. इतिहास सांगणारे शांतिवर्म्यापाशी थांबतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

हलशीच्या एका पटातही एक आई आहे. सेनापती श्रुतकीर्तीला मिळालेलं खेट गाव पुढं मृगेशवर्म्यानं धर्मासाठी पुन्हा दिलं ते दामकीर्तीच्या आईला. तिची तिथली ओळख एवढीच, दामकीर्तीची आई. पंधराशे वर्षांपूर्वी एक सबंध गाव तिच्या हाती होतं. तिथली शेतं, विहिरी आणि पावसाळ्यात दाराशी येणारी माणसं, सगळं तिच्याकडं.