दहा मिनिटांची आग

व्हेंडर रिस्क मॅनेजर म्हणजे व्हेंडरकडून फॉर्म भरून घेणारा माणूस, असा आपल्याकडे समज आहे. असो. एक जुना किस्सा ऐका.

१७ मार्च २०००. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्कीला, वीज पडून फिलिप्सच्या चिप कारखान्यात आग लागली. दहाएक मिनिटांत विझलीसुद्धा! पण धूर आणि पाणी क्लीनरूममध्ये शिरलं. मोठी गिऱ्हाइकं दोन: नोकिया आणि एरिक्सन. दोघांनाही निरोप गेला, आठवडाभर उशीर होईल.

नोकियाने रोज चौकशी सुरू ठेवली. आठवड्यात काही होत नाही हे दिसताच फिलिप्सच्या इतर कारखान्यांतून माल मागितला, दुसरे पुरवठादार गाठले. एरिक्सनमध्ये बातमी वरपर्यंत पोचायलाच कित्येक आठवडे गेले. त्यात खर्च वाचवायला काही चिप्ससाठी पुरवठादार एकच ठेवलेला! साधारण ४० कोटी डॉलरची विक्री बुडाली. पुढे २००१ मध्ये एरिक्सनने मोबाईलच्या धंद्यात सोनीला भागीदार करून घेतलं. आग हे त्याचं एकमेव कारण नव्हे, पण एक नक्कीच.

तर मंडळी, नोकरी ही अशी: आपण कोणा एकावरच अवलंबून आहोत का ते आधी शोधायचं, पर्याय तयार ठेवायचा, 'काळजी नको' असं उत्तर आलं की पुन्हा विचारायचं आणि वाईट बातमी वेळेत वर पोचवायची. सगळं सुरळीत चाललं तर शाबासकी नाही. फॉर्म काय, कोणीही भरून घेईल हो!