छायाचित्राचे सत्य

छायाचित्र-मंडळांच्या स्पर्धांत निसर्ग, वृत्त, कलात्मक असे निरनिराळे विभाग असतात. ते केवळ परीक्षकांच्या सोयीसाठी पडले, असे समजू नये. त्यांच्यामागे एक जुना वाद आहे.

१८५८ साली हेन्री पीच रॉबिन्सन या इंग्रज छायाचित्रकाराने एका मरणोन्मुख मुलीचे चित्र सिद्ध केले. पाहणारे हेलावले, परंतु ते पाच वेगवेगळ्या निगेटिव्हांवरून जुळविलेले आहे आणि ती मुलगी प्रत्यक्षात धडधाकट होती, हे कळताच काहींना आपण फसविले गेलो असे वाटले. राणी व्हिक्टोरियाचे पती अल्बर्ट यांनी मात्र त्याची प्रत विकत घेतली. एकाला जी कला, तीच दुसऱ्याला लबाडी! पुढे १८९२ साली रॉबिन्सनप्रभृतींनी ‘लिंक्ड रिंग’ हे स्वतंत्र मंडळ काढले. छायाचित्रण ही कलाच होय, हा त्यांचा आग्रह.

आजच्या नियमांनी हा तंटा शहाणपणाने मिटविला आहे. कलात्मक विभागात जुळवाजुळवीला मुभा असते. निसर्ग विभागात मूळ दृश्यात काही घालता येत नाही, की त्यातून काही काढता येत नाही. चित्र कोणत्या विभागात ठेवले, यावरून पाहणाऱ्याला कोणते वचन दिले ते ठरते. पारितोषिक हुकले तरी चालेल. वचन मोडता कामा नये.