तोतया कोण?



पानिपतानंतर पुढे आलेल्या भाऊसाहेबांच्या तोतयाची हकीकत आपणा सर्वांना ठाऊक आहे. तो भाऊसाहेबांसारखा दिसत होता, हा त्याचा गुन्हा नव्हे; त्याने भाऊसाहेबांचे नाव लावले, हा गुन्हा. आज एका खड्याचा इतिहास सांगायचा आहे, तेव्हा हा भेद मनाशी असू द्यावा. मॉइसनाइट हा तो खडा. अंगठीत हिऱ्याऐवजी तो बसवून घेणारी तरुण जोडपी आज आढळतात, आणि घरची वडील मंडळी विचारतात, "म्हणजे खोटाच ना?"

1891 साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात एडवर्ड अ‍ॅचेसन हा संशोधक कृत्रिम हिरा करण्याच्या खटपटीत होता. चिकणमाती आणि कोळशाची पूड लोखंडी भांड्यात घालून त्याने तीतून विजेचा प्रबळ प्रवाह सोडला. भांडे निवल्यावर कार्बनच्या कांडीला चकाकणारे बारीक स्फटिक चिकटलेले दिसले. त्यांनी काच सहज कापली जाई. परंतु तो हिरा नव्हता. मातीतील सिलिकॉन आणि कोळशातील कार्बन यांचे ते संयुग होते. अ‍ॅचेसनने त्याचे नाव कार्बोरंडम ठेवले. हिरा हुकला, पण धार लावण्याची चाके जगाला मिळाली.

1893 साली पॅरिसमध्ये आंरी म्वासाँ या थोर रसायनशास्त्रज्ञाने वितळलेल्या लोखंडात कार्बन विरघळवून, तो रस एकदम थंड करून हिरे मिळविल्याचे जाहीर केले. तो प्रयोग पुढे कोणालाही खात्रीने साधला नाही. याच सुमारास अ‍ॅरिझोनातील एका अशनीचे तुकडे तो तपासत होता. त्यातील काही स्फटिक प्रथम त्याला हिरेच वाटले; 1904 मध्ये मात्र ते सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे अ‍ॅचेसनचेच द्रव्य, असल्याचे त्याने दाखवून दिले. म्वासाँच्या सन्मानार्थ न्यूयॉर्कचे रत्नपारखी जॉर्ज कुंझ यांनी 1905 मध्ये या खनिजाला मॉइसनाइट हे नाव दिले. पुढील वर्षी म्वासाँला नोबेल पारितोषिक मिळाले, ते फ्लोरीन वायू वेगळा केल्याबद्दल आणि विजेच्या भट्टीबद्दल.

तरीही संशय उरला. म्वासाँच्या हत्यारांचीच कार्बोरंडमची भुकटी अशनीत मिसळली असेल, असे टीकाकार म्हणत. 1958 मध्ये वायोमिंगच्या खडकांत आणि 1959 मध्ये याकुतियातील हिऱ्याच्या खाणीत हे खनिज सापडले, तेव्हा ते पृथ्वीवरही निसर्गतः असते हे कळून आले. पण ते कण इतके सूक्ष्म की दागिन्याला निरुपयोगी. म्हणून सराफाकडील प्रत्येक मॉइसनाइट प्रयोगशाळेतच वाढविलेला असतो. असे मोठे, शुद्ध स्फटिक वाढविण्याची रीत 1978 मध्ये लेनिनग्राडच्या ताइरोव्ह व त्स्वेत्कोव्ह यांनी सिद्ध केली. तिचा मुख्य उपयोग विद्युत्-उपकरणांसाठी. दागिन्यांचा खडा म्हणून तो अमेरिकेत 1998 मध्ये बाजारात आला.

येताच त्याने जवाहिऱ्यांची झोप उडविली. हिरा उष्णता झपाट्याने वाहून नेतो, यावर त्यांची तपासणीची सुई अवलंबून होती. हा खडाही तसाच निघाला आणि सुईने त्याला हिरा म्हटले! पण भिंग पुरेसे होते. मॉइसनाइटमध्ये प्रकाशकिरण दुभंगतो. त्यामुळे खड्यातून तिरपे पाहिल्यास मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्यात तसे होत नाही. काठिण्य हिऱ्याचे 10, याचे सुमारे 9.25. सप्तरंगांची उधळण मात्र याची हिऱ्याच्या दुपटीहून अधिक. इतकी की काहींच्या डोळ्यांना ती भडक वाटते.

आता वडील मंडळींच्या प्रश्नाकडे वळू. खरा कोण, खोटा कोण? मॉइसनाइट हा खरा मॉइसनाइट आहे. थोड्या पैशांत टिकाऊ तेजस्वी खडा हवा असेल, तर तो घेण्यात कमीपणा कसला? मोडीला हिऱ्याचा भाव मिळणार नाही, एवढे आधीच जाणून असावे. पावतीवर त्याचे स्वतःचे नाव लिहून घ्यावे आणि घरीही तेच सांगावे. तोच खडा हिरा म्हणून कोणी गळ्यात मारला, तर तोतयेगिरी खड्याची नव्हे, विकणाराची.