कलमानं जीव धरला का?

आंब्याच्या खुंटावर काडी बसवायची, वरून पट्टी आवळायची आणि वाट बघायची. काही दिवसांनी शेजारी बांधावरून विचारतोच, “कलमानं जीव धरला का?” सास्तूर गावच्या कुठल्याही शेतकऱ्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. डॉक्टरांच्या ‘बोन ग्राफ्ट’ला मराठी शब्द शोधताना मला हाच प्रश्न आठवला. ‘अस्थिरोपण’ म्हटलं की हाड बसवलं एवढंच कळतं. ‘हाडाचं कलम’ म्हटलं की ते जगलं का, ही काळजीही सोबत येते.

कलम आपल्याकडे अरबी-फारसीतून आलं. त्याच्या मुळाशी ग्रीक ‘कालामोस’ आहे, म्हणजे बोरू. बोरूसारखीच कलमाची काडीही तिरपी तासतात. ‘ग्राफ्ट’ शब्द मागे मागे नेला तर तोही ग्रीक ‘ग्राफेइऑन’पाशी, म्हणजे टोकदार लेखणीपाशीच पोचतो. दोन वेगळ्या वाटांनी दोन्ही शब्द लेखणीवरून झाडाकडे आले, याचा मला अजून आनंद होतो.

हाड मात्र आपल्या भाषेत दोन तऱ्हांनी वावरतं. प्राकृत ‘हड्ड’वरून आलेला हा शब्द ‘हाडांचा सापळा’ म्हणताना सुका, मेलेला असतो. इंग्रजी ‘स्केलेटन’चा मूळ अर्थही ‘वाळलेला’ असाच. पण ‘हाडाचा शेतकरी’ म्हणतो तेव्हा तेच हाड माणसातलं सगळ्यांत जितं ठिकाण होतं. शरीरशास्त्र या दुसऱ्या हाडाच्या बाजूनं आहे. १६९१ साली क्लॉप्टन हॅव्हर्सनं हाडातल्या बारीक नळ्यांचं वर्णन केलं. त्यांतून मज्जेचं तेल झिरपतं असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात त्यांतून रक्तवाहिन्या जातात.

हाडं मोडणं म्हणजे काय, हे सास्तूरला ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपानं सास्तूरची दगडमातीची घरं पाडली. माळवदाच्या ओझ्याखाली किती जणांचे हातपाय मोडले. मोडलेल्या हाडाचा ‘फोटो’ काढतात. तो क्ष-किरणांचा. ते शोधणाऱ्या राँटगेनच्या बीजगणिती ‘एक्स’चा मराठीनं सरळ ‘क्ष’ केला. त्या फोटोत हाड पांढरं उमटतं, त्यातलं रक्त मात्र दिसत नाही, कारण किरणांच्या लेखी रक्त आणि मांस जवळपास सारखंच.

यावरची युक्ती जुनी आहे. जानेवारी १८९६ मध्ये व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेनथाल यांनी एका मृत हाताच्या रक्तवाहिन्यांत चुन्याचं मिश्रण भरलं आणि त्यांचा फोटो घेतला. आजही प्रयोगशाळेत प्राण्यांच्या रक्तवाहिन्यांत शिशाचं संयुग मिसळलेलं रबर भरतात, मग आम्लात हाडातला चुना विरघळवतात आणि सूक्ष्म सीटी स्कॅन करतात. हाड निघून जातं आणि उरतं ते शिरांचं झाड. झाडच म्हणावं असं ते दिसतं, खोड, फांद्या आणि डहाळ्यांसकट.

हे झाड बघायची गरज पडते ती हाडाच्या कलमात रक्त पोचलं का, ते कळायला. कलमासाठी कृत्रिमरीत्या तयार केलेल्या हाडाला कॅल्शियम फॉस्फेटसारख्या द्रव्याचा सच्छिद्र सांगाडा असतो. इंग्रजीत त्याला ‘स्कॅफोल्ड’ म्हणतात, म्हणजे आपल्या गवंड्यांची परांची. भूकंपानंतर गाव पुन्हा उभं राहिलं तेही परांचीवर चढूनच, म्हणून मला हा शब्द इथं परका वाटत नाही. त्या सांगाड्यातल्या पेशीला एक-दोन दशांश मिलिमीटरच्या आत केशवाहिनी लागते. कड जगते, रक्त वेळेत आत पोचलं नाही तर गाभा मरतो. २०१४ मध्ये अंजली कुसुंबे आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या हाडात एका खास जातीच्या केशवाहिन्या दाखवल्या. त्यांच्या आजूबाजूला हाड घडवणाऱ्या पेशींची दाटी असते. त्यांचं नाव ‘टाइप एच’. दोन खुणेची प्रथिनं त्यांत भरपूर, म्हणून ‘हाय’चा एच.

रक्त नेणाऱ्या या नळ्यांना म्हणायचं काय? ‘धमनी’ फुंकण्याच्या धातूवरून आली, आणि ग्रीकांचा ‘आर्टेरिया’ही आधी श्वासनलिकेचं नाव होता. दोन्हीकडे वाऱ्याचीच आठवण. ‘शीर’ ही संस्कृत ‘सिरा’, वाहण्याच्या धातूशी जोडलेली. बोलताना आपण स्नायुबंधाला आणि मज्जातंतूलाही शीरच म्हणतो, म्हणून शास्त्राला ‘रक्तवाहिनी’ लागते, ते मान्य. तरी हाडातल्या या झाडासाठी मला शीरच हवी. पानावर उभी-आडवी दिसते ती शीर, आणि कलमाच्या जोडापलीकडे रस गेला की नव्या पालवीच्या पानावर पहिल्यांदा उमटते तीही शीरच.