तुरीवरील मर (निलंगा तालुका, जि. लातूर)

‘फ्युजेरियम उडम’ या जमिनीतील बुरशीमुळे तुरीला होणारा रोग. या बुरशीचे शास्त्रीय वर्णन इ. जे. बटलर यांनी १९१० मध्ये केले. कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या निलंगा तालुक्यात सोयाबीनमध्ये तुरीच्या काकऱ्या टाकण्याची रीत आहे. त्याच रानात दरसाल तूर आली की बुरशीला दरसाल यजमान मिळतो, आणि मर वाढत जाते.

रोग कोवळ्या रोपांतही होतो, पण डोळ्यांत भरतो तो फुलोऱ्यात आणि शेंगा धरताना. जमिनीत पुरेशी ओल असूनही एखादे झाड पिवळे पडून मान टाकते. अनेकदा एकच फांदी सुकते, बाकीचे झाड हिरवे राहते. ही खूण महत्त्वाची आहे, कारण पाण्याचा ताण किंवा वाळवी असेल तर सबंध झाड जाते. खोडावर बुडापासून वर चढणारा जांभळट-तपकिरी पट्टा दिसतो. खात्री करायची तर झाड उपटून खोड विळ्याने उभे चिरावे. साल काढल्यावर आतल्या लाकडात तपकिरी-काळ्या रेघा दिसल्या तर ती मरच. बुरशी मुळांतून शिरून पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. पाणी साचलेल्या रानात, पावसाळ्यात, खोडावर खोलगट काळे चट्टे पडून झाड तिथेच मोडत असेल, तर तो ‘फायटोफ्थोरा’चा करपा असतो, त्यावर उपाय मुख्यतः निचऱ्याचा.

शेंगा धरण्यापूर्वी मर आली तर त्या झाडाचे उत्पन्न पूर्ण बुडते; काढणीच्या तोंडावर आली तर नुकसान सुमारे ३० टक्क्यांवर राहते. सुकलेल्या झाडाच्या बुडाशी औषध ओतून ते परत उठत नाही. शेतकऱ्याचा पैसा इथे सर्वाधिक वाया जातो, म्हणून हे ठासून सांगायला हवे. उपाय पेरणीपूर्वीचेच.

बुरशी रोगट धसकटांत सुमारे तीन वर्षे टिकते. तुराट्या सरपणासाठी घरी जातात, पण बुडखा आणि मुळे रानातच राहतात. ती वेचून जाळावीत आणि उन्हाळ्यात खोल नांगरट करावी. तुरीनंतर ज्वारी घ्यावी, किंवा दोन्ही एकत्र पेरावीत. पटांचेरूच्या ‘इक्रिसॅट’ या संशोधन संस्थेतील प्रयोगांत ज्वारीमुळे मर स्पष्ट घटलेली आढळली. ज्वारी मागे पडल्याचा हा तोटा क्वचितच मोजला जातो. बियाण्याला किलोमागे ५ ते १० ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावे, रायझोबियम शेवटी लावावे.

सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे वाण. सीमेपलीकडे कर्नाटकात १९८६ मध्ये प्रसारित झालेला ‘मारुती’ मरीला दाद देत नाही, मात्र वांझ रोगाला बळी पडतो. परभणी कृषी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राचे ‘बीएसएमआर ७३६’ आणि ‘बीएसएमआर ८५३’ हे वाण दोन्ही रोगांना प्रतिकारक आहेत. हलक्या ते मध्यम जमिनीसाठी त्याच केंद्राचा ‘बीडीएन ७११’ सुमारे १५०–१६० दिवसांत निघतो.