पोलीस शिपाई, मूलभूत कायदेशिक्षण
भरती झालेल्या शिपायाला प्रत्यक्ष कामावर पाठवण्यापूर्वी दिले जाणारे कायद्याचे शिक्षण. वऱ्हाडात अकोला येथे राज्याचे पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता व साक्ष्य अधिनियम लागू झाले. जुन्या दंड संहितेतले ‘तीनशे दोन’ बोलायला सरावलेल्या जुन्या हवालदारालाही खुनासाठी न्याय संहितेचे कलम १०३ नव्याने पाठ करावे लागले. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मात्र कायम आहे.

खरा कस कार्यपद्धतीत लागतो. बाळापूरच्या हद्दीतला दखलपात्र गुन्हा अकोल्यात सांगितला, तरी ‘आमची हद्द नाही’ म्हणून फिर्यादीला परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकाने नोंद करून फिर्यादीला प्रत विनामूल्य द्यावी लागते (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३). अटकेची कारणे आरोपीला सांगणे, नातेवाइकाला कळवणे व प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे बंधनकारक आहे. अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. झडती व जप्तीचे आता दृक्‌श्राव्य चित्रीकरण करावे लागते, त्यामुळे ठाण्यात बसून लिहिलेल्या पंचनाम्याची सोय संपली. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही, हे नवख्यांना सहसा पटत नाही.